शिवणीतलं बिऱ्हाड

डोक्यातल्या उवेचा थोडा तरी मान राखला जातो. तिच्यासाठी खास बारीक दातांची फणी असते. तिची बहीण, कपड्यांतली ऊ, मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. सदरा उलटा करून काखेतली शिवण पाहा : कापडाची दुमड, ऊब, अंधार. तिथंच तिचं बिऱ्हाड, तिथंच अंडी. अंगावर ती येते ती फक्त जेवायला. माणूस उघडाच राहिला असता तर ही बया जन्मालाच आली नसती. म्हणून तर माणूस कपडे कधी घालू लागला, याचा अंदाज शास्त्रज्ञ तिच्या जनुकांवरून बांधतात.

टायफस हा जीवघेणा ताप (टायफॉइड नव्हे, तो वेगळा), ट्रेंच फीव्हर म्हणजे खंदकांतल्या सैनिकांचा ताप आणि पुन्हा पुन्हा उलटणारा एक ताप, ही तिची देणगी. टायफसची गंमत, गंमत कसली म्हणा, अशी की तो चाव्यातून होत नाही. ऊ चावते, खाज सुटते, आपण खाजवतो आणि तिची विष्ठा आपल्याच नखांनी कातडीत चोळतो. बरं, यात तिचाही फायदा नाही. जंतूंनी तिचं आतडं फुटतं, रक्त अंगभर पसरून ती लाल होते आणि मरते.

टायफस पसरतो कसा, हे कोडं सोडवलं शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरांनी, उत्तर आफ्रिकेतल्या ट्यूनिस शहरात. रुग्णालयाच्या दारापर्यंत रोगी इतरांना आजार देत. वॉर्डात गेल्यावर देत नसत. मधे घडायचं इतकंच की त्यांना अंघोळ घालून कपडे बदलत. त्या उतरवलेल्या कपड्यांना हात लावणारे मात्र आजारी पडत. १९०९ साली त्यांनी ऊच दोषी असल्याचं प्रयोगाने दाखवलं. १९२८ चं नोबेल त्यांना मिळालं. साबणपाण्याला यात वाटा मिळायला हवा होता, असं मला वाटतं.

पण सगळ्यात अचाट कारभार ल्वूफमधल्या (तेव्हाचं पोलंड, आज युक्रेनमधलं ल्विव) शास्त्रज्ञ रुडॉल्फ वाइगल यांचा. टायफसची लस बनवायला ते उवा पाळत आणि एकेकीला मागच्या बाजूने जंतूंचा एनिमा देत. उवांना माणसाचंच रक्त लागतं, म्हणून लोक पायाला उवांच्या डब्या बांधून बसत. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्याच्या काळात ही नोकरी म्हणजे जगण्याचा परवाना होता. थोर गणिती स्टेफान बानाख यांनीही ती केली.