ग्राम्फूनंतर गाडी पडतेच

अटल बोगद्यातून लाहौलमध्ये बाहेर पडलं की डावा रस्ता केलाँगकडून लेहला जातो. आम्ही उजवीकडे वळलो. कोकसर मागे पडलं, ग्राम्फूला रोहतांगवरून उतरणारा जुना रस्ता येऊन मिळाला, आणि डांबराने आमची साथ सोडली. छत्रू, छोटा दर्रा, बातल असं चंद्रा नदीच्या कडेकडेने कुंझूम खिंडीच्या पायथ्याशी नेणारी ही वाट कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग ५०५ आहे. प्रत्यक्षात बराच वेळ नदी कुठली आणि महामार्ग कुठला, असा प्रश्न पडत होता.

मोटरसायकली तीन. माझी हिमालयन, नितीनची क्लासिक ३५० आणि मकरंदची डोमिनार. नितीनच्या गाडीला दोन्ही बाजूंनी पसरलेलं, बटरफ्लाय म्हणतात तसलं चकचकीत गार्ड, म्हणजे गाडी पडली तर इंजिन आणि पाय वाचवायला इंजिनच्या पुढे लावतात तो लोखंडी पाईप. मकरंदने गार्ड बसवलंच नव्हतं. त्याच्या मते त्याने गाडीचा लूक जातो आणि वर चार-पाच किलो लोखंड उगाच वाहावं लागतं. मनालीच्या हॉटेलात यावर भरपूर वाद झाला होता, आणि सगळे वाद होतात तसा तो जेवण आल्यावर थांबला.

छत्रूच्या पुढे पहिला मोठा नाला लागला तेव्हा दुपार टळली होती. वरची हिमनदी दिवसभर वितळते, त्यामुळे सकाळी घोट्यापर्यंत असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. म्हणूनच हे नाले सकाळी लवकर ओलांडतात. नितीन निम्म्यापर्यंत गेला. पुढचं चाक एका गोल गोट्यावर चढून सरकलं, त्याने डावा पाय टेकायला खाली सोडला तर तिथे जमीनच नव्हती. वेग म्हणाल तर चालत्या माणसाचा. १९५ किलोची गाडी, वर सामान, एकदा कलली की माणसाच्या हातात काही राहत नाही.

गाडी आडवी झाली, पण पूर्ण झोपली नाही. गार्डचा पाईप आणि मागची सामानाची चौकट दगडांवर टेकली आणि मधे वीतभर पोकळी राहिली. नितीनचा पाय त्या पोकळीत होता. तो त्याने काढून घेतला, बूट पाण्याने भरला होता एवढंच. गार्डचं काम ते हेच. जागच्या जागी किंवा रांगत्या वेगात गाडी कोसळली, तर तिचं वजन इंजिनच्या कव्हरवर, गिअरच्या लिव्हरवर आणि माणसाच्या नडगीवर न येता त्या पाईपवर यावं, आणि पाईपमधून ते चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, जावं. शिवाय गार्डवर टेकलेली गाडी आधीच थोडी वर असते, त्यामुळे उचलायला सोपी. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडल एका बाजूला पूर्ण वळवलेलं, आणि पाठ सीटला लावून मांड्यांच्या जोराने मागे रेटायचं. कमरेने उचलायला गेलात तर पुढचे दोन दिवस आयोडेक्स.

मकरंदची गाडी पडली ती मात्र पाण्यात नाही. नाल्यापलीकडे खडीच्या उतारावर तो आमची वाट बघत उभा होता. स्टँडखालची खडी सरकली आणि डोमिनार डाव्या कुशीवर गेली. चालक खाली, गाडी उभी, वेग शून्य. तरी गिअर लिव्हर आत वाकून इंजिनला टेकला. बोटभर आणखी आत गेला असता तर ॲल्युमिनियमच्या कव्हरला भोक पडलं असतं, ऑइल चंद्रा नदीला अर्पण झालं असतं आणि काझापर्यंतच्या त्या सगळ्या वाटेवर दुरुस्तीचं एकही दुकान नाही. बातलच्या ढाब्यावर कुणाच्या तरी तंबूचा पाईप मागून घेतला, लिव्हरमध्ये अडकवला आणि जरा जरा करत बाहेर ओढला. पहिला-दुसरा गिअर पडू लागला. मकरंद राजमा-चावल खाताना गप्प होता. आम्हीही विषय काढला नाही, हे आमच्या सभ्यतेचं लक्षण.

दुसऱ्या दिवशी कुंझूमवरून लोसर आणि मग स्पिती नदीच्या सोबतीने काझा. ते वर्णन करायला गेलो तर गाड्या राहूनच जातील.

काझाच्या मेकॅनिककडे नितीनने वाकलेलं गार्ड ठोकून सरळ करायला सांगितलं. तो आधी खाली बसला आणि गार्ड चासीला जिथे जोडलेलं असतं ते बोल्ट बघू लागला. ‘पाईप राहू दे, आधी हे बघ,’ असं त्याचं हिंदीतलं म्हणणं. पाईप वाकला म्हणजे धक्का त्याने खाल्ला. उलट, जाड पाईपची, अजिबात न वाकणारी गार्डं तो धक्का जसाच्या तसा चासीच्या नळीला आणि इंजिनच्या बोल्टना देतात, मग हजाराचं गार्ड शाबूत आणि चासी वाकडी. रस्त्यावर मिळणारी अगदी पातळ पत्र्याची गार्डं दुसऱ्या टोकाला: ती दुमडून इंजिनवरच दाबली जातात. आणि खालून दगड लागतो तिथे गार्डचा काडीचा उपयोग नाही, त्यासाठी इंजिनखालचा संरक्षक पत्रा, म्हणजे बॅश प्लेट, वेगळी लागते.

परत येताना नाको, किन्नौर करत शिमल्याला उतरलो. पुढे चंदीगडचा रुंद रस्ता लागला, तेव्हा नितीनने गार्डवर बसवलेल्या फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, पाय लांब केले आणि राजासारखा निघाला. अमेरिकेत या गार्डांना हायवे बार म्हणतात ते याच ऐटीमुळे असावं. गुडघ्यांना आराम मिळतो हे खरं, पण तिथून मागच्या ब्रेकवर पाय यायला क्षण जातो, त्यामुळे मला ते मोकळ्या रस्त्यापुरतंच पटतं.

चहाला थांबलो तेव्हा मकरंद म्हणाला, ‘मग गार्ड असलं तर ट्रकने ठोकलं तरी पाय वाचेल की.’ तसं नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिसमधल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. १९८१ च्या त्या अहवालात क्रॅश बारमुळे, म्हणजे अशा गार्डांमुळे, घोटा आणि पाऊल यांच्या दुखापती कमी दिसल्या, पण गुडघा, नडगी आणि मांडीच्या तेवढ्याच वाढल्या. एकूण हिशेब शून्य. टकरीच्या वेगात पाय त्या पोकळीत राहत नाही, तो पाईपवर आपटतो.

‘म्हणजे गार्ड माझ्यासाठी नाहीच,’ मकरंद. ‘गाडीसाठी.’ ‘आणि गाडी बंद पडली तर चालत कोण जाणार?’ नितीन.

चंदीगड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात टाक्या रिकाम्या केल्या, गाड्या गोणपाटात गुंडाळल्या. हमालांनी नितीनची गाडी गार्डलाच धरून ढकलली, मकरंदच्या गाडीला धरायला काही सापडेना म्हणून सायलेन्सरला हात घातला. तो ओरडला. पुण्यात गाडी सोडवून घेतल्यावर त्याने मला गार्डच्या फोटोंवर फोटो पाठवले, एकही पसंत नाही. सध्या काळ्या रंगाचं, दिसणार नाही असं गार्ड शोधणं चालू आहे.