हललेल्या बॉलला हात लावू नका

अमेरिकेत आठवड्याच्या मधल्याच एखाद्या संध्याकाळी बारमध्ये शिरलात आणि पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलाभोवती लोक पेटीतून आपापला क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, काढून जोडताना दिसले, तर समजायचं, आज लीगची मॅच आहे. कोणी प्लंबर, कोणी नर्स, कोणी शाळेत शिकवणारा. रेफरी नाही. स्कोअर लिहायला दोन्ही टीमचा एकेक माणूस असतो, पण त्याचं अर्धं लक्ष गप्पांत. मी या मॅचेस आवडीने बघतो, खेळतोही. आणि उत्तम शॉटपेक्षा मला कुतूहल वाटतं ते एका बारीकशा गोष्टीचं: चुकून एखादा बॉल हलला तर पुढे काय होतं?

हलतो तर तो सारखाच. बारमधलं टेबल सहसा सात फुटी, त्यावर पांढरा धरून सोळा बॉल, प्रत्येक सव्वादोन इंचांचा. पांढरा बॉल दोन बॉलच्या मागे अडकला की बोटांच्या टोकावर हात उभा करून, वाकून, चवड्यांवर तोल सांभाळत मारावं लागतं. अशा वेळी बाही लागते, सैल शर्टाचा घोळ लागतो, खिशातून चॉक पडतो. लांबच्या शॉटसाठी ब्रिज, म्हणजे क्यूला टेकू द्यायची काठी, वापरला तर धोका शॉट मारून झाल्यावर. डोळे बॉलच्या मागे धावत असतात आणि हात मात्र ब्रिज तसाच आंधळेपणाने मागे ओढतो.

पूलची जागतिक संघटना डब्ल्यूपीए (वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशन) हिचा मूळ नियम याबाबत अगदी कडक आहे. नेहमीच्या बॉल-बॉल टकरीखेरीज कुठल्याही बॉलला स्पर्श झाला तर फाउल. तुमचे कपडे, चॉक, ब्रिज, इतकंच काय तुमचे केससुद्धा तुमची जबाबदारी. नाइन बॉलसारख्या पूलच्या प्रकारात फाउलची शिक्षा म्हणजे ‘बॉल इन हँड’: समोरच्याने पांढरा बॉल उचलायचा, टेबलावर हवा तिथे ठेवायचा आणि मारायचा. चांगल्या खेळाडूच्या हाती असा बॉल गेला की आपण खुर्चीत बसून बघायचं.

पण रेफरी नसेल तर त्याच संघटनेने एक मवाळ पर्याय ठेवला आहे. त्यात फक्त पांढऱ्या बॉलचा स्पर्श फाउल. दुसरा बॉल चुकून हलला तर तो फाउल नाही, मात्र दोन अटींवर. हललेला बॉल दुसऱ्या बॉलला लागला नाही पाहिजे, आणि तो आधी जिथे होता त्या जागेवरून शॉटमधला कुठलाही बॉल गेला नाही पाहिजे. एवढं पाळलं गेलं की निर्णय प्रतिस्पर्ध्याचा: बॉल हलला तिथेच ठेवायचा की मूळ जागी परत आणायचा. त्याला न विचारता पुढचा शॉट मारलात, तर तो फाउल.

मला या नियमातली खरी हुशारी इथे दिसते. बॉल हलवणाऱ्याला परत ठेवायचा अधिकारच नाही. आपला पहिला आवेग काय असतो? ‘अरे, सॉरी सॉरी’ म्हणत बोटाने तो बॉल हळूच होता तिथे सरकवायचा. सभ्यपणाच तो. पण होता तिथे म्हणजे नक्की कुठे? बॉल कडेपासून केसभर बाहेर आला तरी पॉकेटची वाट मोकळी होऊ शकते, आणि मनात खोट नसली तरी आपला हात आपल्या सोयीच्याच बाजूला झुकतो. त्यामुळे इथले जुने खेळाडू काय करतात ते बघण्यासारखं आहे. आमच्या लीगमधले एक आजोबा आहेत. परवा आठ नंबरच्या बॉलवर वाकले असताना त्यांच्या शर्टाची कड बारा नंबरला घासली. बॉल जेमतेम अर्धी बोटरुंदी सरकला. समोरचा पोरगा फोनमध्ये होता, त्याला पत्ताही नव्हता. आजोबा सरळ झाले, क्यू उभा धरला, ‘बारा हलला, बघ तुला कुठे हवाय’ म्हणाले आणि टेबलापासून एक पाऊल मागे गेले. पोराने येऊन मान तिरकी करून बघितलं, बॉल थोडा मागे सरकवला, ‘असा होता?’ विचारलं. आजोबांनी खांदे उडवले. ‘तुला पटतंय ना? मग झालं.’

इकडची सगळ्यात पसरलेली लीग म्हणजे एपीए, अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये तिची सुरुवात केली. तिचे नियमही याच वळणाचे: चुकून हललेला बॉल फाउल नाही, तो परत ठेवायचा प्रतिस्पर्ध्याने. हललेला बॉल पांढऱ्याला लागला तर मात्र फाउल, आणि मग काहीच परत ठेवायचं नाही. नवीन माणूस फसतो तो बॉल इन हँड मिळाल्यावर. पांढरा बॉल हातात घेऊन जागी ठेवताना तो किंवा तो धरलेला हात दुसऱ्या बॉलला लागला की मिळालेली संधी क्षणात समोरच्याकडे. बॉल एकमेकांना चिकटून असतील तिथे लोक पांढरा बॉल आधी जरा लांब ठेवतात आणि मग क्यूच्या दांड्याने, टोकाने नव्हे, हळूहळू सरकवत नेतात.

गंभीर खेळाडू या सवलतीला नाक मुरडतात. हलला म्हणजे हलला, शिक्षा घ्या, शिस्त लागते, असं त्यांचं म्हणणं. रेफरी उभा असेल तर मलाही ते मान्य आहे. नसेल तर अजिबात नाही. डब्ल्यूपीएच्याच नियमात पुढचा शॉट सुरू होण्याआधी फाउल कोणी सांगितला नाही, तर तो झालाच नाही असं धरतात. आता खुर्चीत बसलेल्या माणसाला मारणाऱ्याची पाठ दिसते, बाही कुठे लागली ते दिसत नाही. म्हणजे कडक नियमात खरं बोलणारा स्वतःच्या तोंडाने अख्खा डाव घालवतो आणि गप्प बसणारा खेळत राहतो. मवाळ नियमात खरं बोलण्याची किंमत फार नसते, म्हणून लोक बोलतात. वाद होतात, नाही असं नाही, पण ते बहुतेक बॉल दोन मिलिमीटर इकडे की तिकडे, एवढ्यावरचे.

स्नूकरवाल्यांचा खाक्या निराळा. तिथे कुठल्याही बॉलला हात, बाही, काही लागलं की फाउल, समोरच्याला कमीत कमी चार गुण. त्यावर चर्चा नाही. रेफरीच्या नजरेतून सुटलेला स्पर्श खेळाडूने स्वतः सांगायचा, ही तिथली जुनी रीत.

दुसऱ्या कोणाचा धक्का लागला तर गोष्ट वेगळी. बारमध्ये मागून जाणाऱ्याची कोपरखळी ऐन शॉटच्या क्षणी बसते, नेम भलतीकडे जातो. ही बाहेरची अडचण. त्याने शॉटवर परिणाम झाला असेल तर बॉल शॉटच्या आधी होते तसे ठेवायचे आणि पुन्हा मारायचं. सोळा बॉल पसरले असतील तर कुठला कुठे होता हे आठवताना दोन्ही टीम टेबलावर ओणव्या होतात, आणि ते दृश्य मॅचपेक्षा मजेशीर असतं.

इकडे येऊन खेळायची वेळ आलीच तर पहिला ब्रेक मारायच्या आधी एक प्रश्न विचारून घ्या: फाउल सगळ्या बॉलचा की फक्त पांढऱ्याचा? एकाच हॉलमध्ये लीगच्या टेबलावर एक नियम आणि पलीकडे पैसे लावून चाललेल्या स्पर्धेत दुसरा, असं सर्रास असतं. आणि शॉट अगदी चिकटून असेल, पांढरा आधी कुठल्या बॉलला लागेल याची शंका असेल, तर मारायच्या आधीच तिसऱ्या कोणाला तरी बघायला बोलवा. मारून झाल्यावर बोलावलेला साक्षीदार कोणी धरत नाही, आणि साक्षीदारच नसेल तर सहसा मारणाऱ्याचं म्हणणं खरं मानून पुढे जातात.