फाइलीवरचं प्रश्नचिन्ह

वयाच्या ६९व्या वर्षी माइंडफुलनेसचा, म्हणजे श्वासाकडे नि शरीराकडे लक्ष देत बसायच्या ध्यानाचा, आठ आठवड्यांचा कोर्स केला. कोर्स बरा होता. राग आहे तो त्याआधीच्या चाचणीचा, आणि तो अजून गेलेला नाही.

नावं आठवेनाशी झाली होती, म्हणून लेकीने कोर्सला माझं नाव घातलं. प्रवेशाआधी स्मरणशक्तीची चाचणी सक्तीची. दीड तास बाहेर बसवलं. टीव्हीच्या कलकलाटाने डोकं उठलं, म्हणून कानाचं मशीन काढून पर्समध्ये टाकलं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं, तशीच आत गेले.

समोरच्या मुलीच्या तोंडावर मास्क. पाच शब्द वाचले, परत एकदा वाचले, पुढे चालू. चौथा मला नीट ऐकूच आला नाही. "पुन्हा सांग गं," म्हटलं, तर "आजी, दोनदाच सांगायचा नियम आहे." मग घड्याळ काढा, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. काढलं. शंभरातून सात वजा करत जा. एकतीस वर्षं गणित शिकवलंय मी! ९३, ८६, ७९, ७२, ६५ असं धडाधड म्हटलं. मग म्हणाली, "आता मघाचे शब्द सांगा." तीन सांगितले. चौथा कानातच शिरला नव्हता, तर आठवणार कुठून? आणि त्या घालमेलीत पाचवाही गेला.

३०पैकी २४. साधारणपणे २६ किंवा जास्त असले तर ठीक धरतात. फाइलीवर लाल पेनाने लिहिलं, 'सौम्य ऱ्हास?' ऐकू येतं का, हे कुणी विचारलं नाही. त्या प्रश्नचिन्हाने माझी कित्येक रात्रींची झोप घालवली.

तेव्हा पहिलं सांगणं: चष्मा आणि कानाचं मशीन लावूनच आत जा, आणि लावलंय हे कागदावर लिहून घ्या.

कोर्समध्ये पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं होतं. मी पोटरीपर्यंत पोचून घोरायला लागायचे. खुर्चीत बसून केलं तेव्हा जमलं. रोज ४५ मिनिटं सांगतात. मला दोनदा वीस झेपली. श्वासाकडे बघत बसलं की हमखास ते प्रश्नचिन्ह यायचं. ते आलं की 'आलं' म्हणायचं नि श्वासाकडे परतायचं. सहाव्या आठवड्यात झोप सुधारली.

शेवटी पुन्हा चाचणी, मशीन लावून. २८! लेक सगळ्यांना सांगत सुटली, ध्यानाने आईची स्मरणशक्ती परत आली. मी म्हणते, मशीनने आली. शिवाय दुसऱ्यांदा चाचणी सोपी जाते. (शब्दांची दुसरी यादी असते, ती मागून घ्या. मी मागितली होती.) २०२२मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. विसरण्याची तक्रार असलेले ६५ ते ८४ वयाचे ५८५ जण होते. कुणाला माइंडफुलनेस, कुणाला व्यायाम, कुणाला दोन्ही, तर कुणाला नुसती आरोग्याची माहिती. सहा महिन्यांनी ध्यान किंवा व्यायाम करणाऱ्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा काही वेगळी दिसली नाही. लेकीला वाचून दाखवलं, तर तिला रागच आला. मी सकाळची वीस मिनिटं अजून बसते, ती झोपेसाठी.

प्रश्नचिन्ह खोडा म्हटलं, तर "नोंद खोडता येत नाही." मग त्याच्याखालीच, त्यांच्याच हाताने लिहून घेतलं: '२८. श्रवणयंत्र लावून.'