बुसानमध्ये उन्हाळा: एकटीने हिंडायचं, एकटीने जेवायचं

कोरियाला उन्हाळी अभ्यासक्रमासाठी निघाले म्हटलं की समोरचा लगेच सोलबद्दल विचारायला लागतो. माझं विद्यापीठ बुसानमध्ये होतं. देशाच्या आग्नेय टोकाला, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं हे कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. वस्ती ३३ लाखांच्या आसपास, आणि देशातलं सर्वांत मोठं बंदर इथलंच. मी रत्नागिरीची, पुण्यात आर्किटेक्चर शिकते. सोलचा पर्याय समोर असूनही मी बुसान निवडलं ते समुद्रासाठी आणि मासळीसाठी. वर्ग दुपारी सुटायचे, पुढचा दिवस आपला. जुलै-ऑगस्टचे ते दिवस मी शहर पायाखाली घालण्यात आणि तिथलं मिळेल ते खाऊन बघण्यात घालवले. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून, आणि त्या शहरावर माझा फार जीव जडलाय म्हणून, सविस्तर लिहितेय.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आपल्याला कोरियाचा व्हिसा लागतो. विद्यापीठाचं निमंत्रणपत्र, आपल्या कॉलेजचं बोनाफाईड, पालकांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं एका फाइलमध्ये लावा आणि लवकर कामाला लागा. सोल गाठलं की तिथून केटीएक्स रेल्वेने अडीच-तीन तासांत बुसान येतं.

खरी मोलाची तयारी वेगळीच आहे: हंगुल ही कोरियन लिपी शिकून जा. १४ व्यंजनं आणि १० स्वर, अशी मूळ अक्षरं फक्त २४. जसं ऐकू येतं तसं लिहायची आपल्याला देवनागरीमुळे सवय असते, त्यामुळे ही लिपी डोक्यात पटकन बसते. भाषा येत नसली तरी चालतं, पण अक्षरं ओळखता यायला हवीत. कारण स्वस्त आणि चांगल्या खानावळींत छापील मेन्यू नसतो, भिंतीवर पदार्थांची नावं आणि किमती लिहिलेल्या असतात. ती वाचता आली की तुम्ही खूण करून फोटोतला पदार्थ मागणारे पाहुणे राहत नाही.

फोनवर नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. गुगल मॅप्स मला तिथे पायी रस्ता दाखवत नव्हता, आणि बुसानमध्ये सगळा खेळ पायी रस्त्याचाच आहे. बस आणि मेट्रोसाठी टी-मनी कार्ड कुठल्याही छोट्या चोवीस तास दुकानात मिळतं. ते भरायला रोख पैसे जवळ ठेवा. बसमधून उतरतानाही कार्ड यंत्राला टेकवायचं, म्हणजे पुढच्या बसला किंवा मेट्रोला सवलत मिळते. मेट्रोची १ नंबरची लाइन जुन्या शहराकडे आणि २ नंबरची समुद्रकिनाऱ्यांकडे जाते. दोन्ही सोम्योनला भेटतात. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता जेवणाचं. एकट्या माणसासाठी कोरियात जेवण थोडं अवघड जातं. टेबलावर शेगडी ठेवून भाजायचं मांस, मोठ्या भांड्यातले रस्से हे सगळं बहुतेक ठिकाणी किमान दोन जणांचं मागवावं लागतं. सुरुवातीला दोन-तीन दारांतून मला नम्रपणे परत पाठवलं गेलं, आणि त्या संध्याकाळी मी दुकानातला त्रिकोणी गिम्बाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, आणि केळ्याचं दूध यांवर भागवलं. मग वसतिगृहातल्या एका कोरियन मुलीने सांगितलं, "गुकबाप खा. गुकबापच्या दुकानात एकटं माणूस बसलं तर कुणी मान वर करूनही बघत नाही."

द्वेजी-गुकबाप म्हणजे डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेलं दुधट रंगाचं पाणी, त्यात मांसाचे पातळ काप आणि भात. माझ्या घरी डुकराचं मांस कधी शिजलेलं नाही, त्यामुळे सोम्योन बाजारालगतच्या गुकबापच्या गल्लीत शिरताना मन जरा अडखळत होतं. वाडगा समोर आला तो जवळजवळ अळणी. बाजूला पातीसारख्या हिरव्या बुचूची तिखट कोशिंबीर, कच्चा कांदा, हिरवी मिरची, थोड्या शेवया आणि एका वाटीत खारवून मुरवलेली बारीक कोळंबी. तो आपला जवळाच, फक्त वाळवलेला नाही. दुकानातल्या मावशींनी माझा चमचा हातातून घेतला, अर्धा चमचा जवळा आणि मूठभर बुचू वाडग्यात टाकून ढवळलं आणि म्हणाल्या, "आता खा." समुद्राचा खारटपणा त्या रश्शात उतरला आणि चव एकदम उभी राहिली. तिथून पुढे गुकबाप माझं नेहमीचं जेवण झालं. साधारण १० हजार वॉन, म्हणजे सहा-साडेसहाशे रुपये. पोट मात्र रात्रीपर्यंत भरलेलं. पैसे निघताना गल्ल्यावर द्यायचे, टीप ठेवायची नाही. चमचे-काड्या बऱ्याचदा टेबलाच्या बाजूच्या खणात असतात.

हे असं जेवण याच शहरात का रुजलं, हे मी विचारायला लागले आणि माझं हिंडणं बदलून गेलं. २५ जून १९५० ला कोरियन युद्ध सुरू झालं. काही आठवड्यांत जवळजवळ सगळा दक्षिण भाग उत्तरेच्या सैन्याच्या हाती गेला, नाकदोंग नदीच्या अलीकडचा कोपरा तेवढा उरला. त्या कोपऱ्यात बुसान होतं. ते हंगामी राजधानी झालं आणि देशभरातून निर्वासित तिथे आले. शहराची वस्ती जवळपास दुप्पट झाली. हाती जे लागेल त्यात पोट भरायचं होतं. हाडांचं पाणी आणि भात हे त्या काळाचं अन्न. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताचं ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली याच बंदरावर उतरलं होतं. शाळेत हे कधी वाचल्याचं मला आठवत नाही, आणि बंदराकडे बघताना ते कळलं याचं मला फार वाटलं.

मिलम्योन या गार शेवयांची गोष्टही इथलीच. उत्तर कोरियात बक्वीटच्या (कुट्टूच्या) किंवा बटाट्या-रताळ्याच्या स्टार्चच्या शेवया बर्फाळ रश्शात खातात. डिसेंबर १९५० मध्ये उत्तरेतल्या हुंगनाम बंदरातून सुमारे १ लाख नागरिकांना जहाजांतून दक्षिणेला आणलं गेलं. त्यातले अनेक पुढे बुसानमध्ये राहिले. घरची चव हवी होती, पण ते पीठ मिळेना. मिळत होता तो अमेरिकेच्या मदतीतून आलेला गव्हाचा मैदा. त्याच्याच शेवया केल्या आणि मिलम्योन झालं. उआम-दोंग या बंदरालगतच्या वस्तीशी हा पदार्थ जोडला जातो. तिथे जपानी राजवटीत जनावरं जहाजावर चढवण्याआधी ठेवायचे गोठे होते, आणि निर्वासितांनी त्या गोठ्यांतच आडोसे करून संसार मांडले. अरुंद गल्ल्यांमधून त्या गोठ्यांची लांबट ठेवण आजही ओळखता येते. ती बघून आल्यावर मी मिलम्योनचं भांडं पुढ्यात घेतलं. वर बर्फाचा चुरा, लाल मसाला, काकडी, अर्धं उकडलेलं अंडं. आधी मसाला न कालवता नुसता रस्सा प्या, मग कालवा, आणि शेवटी थोडं व्हिनेगर आणि मोहरी घाला. ऑगस्टच्या दमट दुपारी याच्याइतकं समाधान देणारं दुसरं काही मला तिथे सापडलं नाही.

गामच्योन हे रंगीत घरांचं गाव सगळ्यांच्या यादीत असतं, माझ्याही होतं. १ नंबरच्या लाइनवर तोसोंग स्टेशनला उतरून छोट्या बसने वर जाता येतं. बहुतेक जण 'द लिटल प्रिन्स' या पुस्तकातल्या छोट्या राजकुमाराच्या पुतळ्याशेजारी फोटो काढायला रांग लावतात. मी तुम्हाला आग्रहाने सांगेन की रांग सोडा आणि कुठल्याही जिन्याने खाली उतरा. युद्धानंतर तेगुक-दो या पंथाच्या लोकांनी हा उतार वसवला, आणि पुढच्या घराने मागच्या घराचं दृश्य अडवायचं नाही अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना केली. रंग आणि शिल्पं २००९ च्या कला-प्रकल्पानंतरची. रचना मात्र गरीब माणसांनी एकमेकांचा विचार करून केलेली आहे, आणि आर्किटेक्चरच्या विद्यार्थिनीने तिथून शिकण्यासारखं खूप आहे. लोक आजही तिथे राहतात. आवाज हळू ठेवा.

तिथून चालत जाण्यासारखं आहे ते आमी-दोंग. तिथे पूर्वी जपान्यांची दफनभूमी होती. निर्वासितांना दुसरी जागाच उरली नव्हती, म्हणून त्यांनी थडग्यांवर घरं बांधली, थडग्यांचे दगड पायाला आणि पायऱ्यांना वापरले. एका घराच्या कोपऱ्यात, गॅसच्या नळीखाली, मी अक्षरं कोरलेला दगड पाहिला. शेजारी मिरच्यांच्या कुंड्या होत्या. मी तिथे फोटो काढला नाही.

जागालची बाजारात मात्र मी पुन्हा पुन्हा गेले. हा कोरियातला सगळ्यात मोठा मासळीबाजार, आणि युद्धाच्या काळापासून तो बायकांनी चालवलेला आहे. मोठ्या इमारतीत खालच्या मजल्यावर जिवंत मासा निवडायचा, आणि वर तो कापून वाढतात. तिथे चटण्या-भाज्यांचे वेगळे पैसे द्यावे लागतात, ते आधी विचारून घ्या. एकट्या विद्यार्थ्याला हे परवडत नाही. तुम्ही बाहेरच्या गल्लीत या. तिथे तव्यावर मासे भाजत असतात, आणि भात, रस्सा, भाज्यांसह एका माणसाचं ताट मिळतं. मी नेहमी गोदुंगो घ्यायचे, म्हणजे बांगड्याचा थोराड भाऊबंद. तो बुसानचा अधिकृत शहर-मासा आहे. पोटाकडून चिरून पसरवायचा, मीठ लावून भाजायचा, बाकी काही नाही. हळद-तिखट-कोकमाशिवाय बांगडा असा गोड लागतो हे मला रत्नागिरीत वाढूनही माहीत नव्हतं. जवळच नाम्पो-दोंगमध्ये याच माशाला गोगाल्बी म्हणतात. मांसाच्या फासळ्या परवडत नसलेल्या विद्यार्थ्यांनी भाजलेल्या माशाला दिलेलं ते नाव.

तिथून 'बीफ' (BIFF) चौकापर्यंत चालत जा. हे नाव बुसान आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलंय. हा महोत्सव १९९६ मध्ये सुरू झाला तो याच भागात. चौकात सिआत होत्तोक मिळतो: तुपकट तव्यावर तळलेली गोड पोळी, कात्रीने पोट फाडून आत सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया भरलेली. ओमुकच्या गाडीवर काडीला लावलेली माशाची वडी, आणि त्याच पाण्यात उकळणारे तांदळाचे मऊ मुलत्तोक. ते पाणी कपात घेऊन प्यायचं.

जूनअखेर ते जुलैअखेर जांगमा असतो, तिथला पावसाळा. समुद्रावर धुकं बसतं, हेउन्देचा किनारा दिसतच नाही. अशा दिवशी डोंगराकडे वळा. बोमोसा हा इ. स. ६७८ मधला बौद्ध विहार १ नंबरच्या लाइनने गाठता येतो, आणि पावसात पाईन वृक्षांमधली ती वाट फार सुंदर होते. पाऊस लागला की कोरियन लोक पाजोन, म्हणजे पातीचं धिरडं, खातात. बुसानचा दोंगने-पाजोन कांद्याची पात, कालवं-कोळंबी आणि अंडं घालून जाडजूड करतात, आतून मऊ.

माझ्या वर्गात पुण्याचीच एक शाकाहारी मैत्रीण होती, कांदा-लसूणही न खाणारी. तिचे हाल मी जवळून पाहिले. साध्या दिसणाऱ्या रश्शातही सुकी मासळी असते, किमचीत, म्हणजे मुरवलेल्या कोबीच्या लोणच्यात, माशाचा सॉस किंवा जवळा असतो. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, "मासे नकोत, रस्साही नको" असं लिहून नेलेलं बरं. तिला तारलं ते विहारांच्या जेवणाने, कारण भिक्षूंच्या स्वयंपाकात लसूण आणि पात वर्ज्य असते. शिवाय उन्हाळ्यातच मिळणारं कोंगगुक्सू: सोयाबीनच्या गार, दाट दुधात गव्हाच्या शेवया. ते तिने जवळजवळ रोज खाल्लं.

किनाऱ्यांबद्दल कमी लिहितेय, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. हेउन्देला ऑगस्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मला ग्वांगाल्ली आवडलं, शनिवारी रात्री तिथल्या समुद्रावरच्या पुलासमोर आकाशात ड्रोनचे खेळ होतात. समुद्राच्या खडकांवरचा योंगगुंगसा विहार सकाळी लवकर गाठा.

एक शनिवार दुपार योंगदो पुलासाठी राखून ठेवा. मूळचा १९३४ चा हा पूल दुपारी २ वाजता एका बाजूने उचलला जातो. ताटातूट झालेली माणसं युद्धात याच पुलावर एकमेकांना शोधायला यायची. पूल खाली आला की शेजारच्या सुक्या मासळीच्या बाजारात शिरा. मी तिथून गिजांगचं सुकं मियोक, म्हणजे समुद्री शेवाळ, आणि बोटभर लांबीची सुकी मासळी घेतली. भाव पाटीवर लिहिलेला होता, तो मी मोठ्याने वाचला, तर विकणाऱ्या आजींनी न विचारता आणखी एक मूठ पिशवीत टाकली आणि दोन गाठी मारून दिल्या, वास बाहेर येऊ नये म्हणून. सामानात तीन-चार किलोंची जागा ठेवूनच घरून निघा.