अथेन्सची ब्रिकी आणि कॉफीवरची साय

अथेन्सच्या जुन्या काफेनियोत, म्हणजे कॉफीच्या हॉटेलात, साखर किती ते आधीच सांगावं लागतं. बिनसाखरेची हवी तर 'स्केतो', एक चमचा साखरेची 'मेत्रियो', दोन चमच्यांची 'ग्लिको'. इथे साखर कॉफीबरोबरच शिजते. कपात ओतल्यावर ढवळायला गेलं की तळाचा गाळ वर येतो.

मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती होवोलीपाशी. होवोली म्हणजे मुळात निखाऱ्यांची गरम राख. आता बहुतेक ठिकाणी तापवलेली वाळू असते. त्या वाळूत ब्रिकी रुतवतात. ब्रिकी म्हणजे लांब दांड्याचं, तळाशी रुंद आणि गळ्याशी निमुळतं भांडं. वाळूची धग तळाला आणि बाजूंना सारखी लागते, कॉफी सावकाश चढते.

घरी गॅसचा सगळ्यात लहान बर्नर मंद ठेवला की काम होतं. ज्या कपात प्यायचं त्यानेच गार पाणी मोजून घ्यावं, साधारण 60 ते 70 मिली. त्यात कॉफी एक शीगभर चमचा, म्हणजे 6-7 ग्रॅम, आणि हवी तेवढी साखर. गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायचं आणि मग चमचा बाजूला ठेवायचा. तीन-चार मिनिटांत कडेने फेसाचं कडं धरतं आणि मध्याकडे मिटत येतं. फेस गळ्यापर्यंत फुगला की त्याच क्षणी उतरवायचं. या फेसाला 'कायमाकी' म्हणतात. मूळ तुर्की शब्दाचा अर्थ साय. उकळी फुटली की ही साय मोडते, कॉफीही कडवट होते. माझ्या मते कायमाकी नसलेली कॉफी पुन्हा करावी.

दोन कप करायचे असतील तर आधी दोन्हींत थोडी थोडी साय वाटून घ्यावी, मग उरलेली कॉफी ओतावी.

फेस येतच नसेल तर तीन गोष्टी तपासा. पूड शिळी असेल. भांडं मोठं असेल: एका कपासाठी एका कपाचीच ब्रिकी लागते. आपलं फोडणीचं कढलं चालेलसं वाटतं, पण त्याचं तोंड पसरट, फेस विरून जातो. किंवा दळण जाडं असेल. पूड मैद्यासारखी हवी; फिल्टर कॉफीची पूड जाड पडते, घरच्या मिक्सरमध्ये दळण एकसारखं होत नाही. दुकानात 'तुर्की कॉफीसाठी' दळून मागावी. ग्रीसमध्येही हिला पूर्वी तुर्कीच म्हणत. 1974 मध्ये तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरल्यानंतर 'एलिनिको', म्हणजे ग्रीक, हे नाव रुळलं.

कप समोर आला की दोन मिनिटं थांबावं, गाळ बसू द्यावा. सोबत गार पाण्याचा ग्लास येतो, कधी लुकूमी या मऊ मिठाईचा तुकडाही. शेवटचा घोट कपातच सोडावा.