तुम्ही विचारलंत म्हणून: बॅरा बेटावर किती दिवस राहायचं?

एडिनबरा आणि लॉक नेस ठरलं की स्कॉटलंडला निघालेली मराठी माणसं हटकून विचारतात: जिथे गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा अजून घरात बोलली जाते असं एखादं शांत बेट सांगा, आणि दोन दिवस पुरतील ना? बेट सांगतो, बॅरा. दोन दिवस मात्र पुरणार नाहीत. चार रात्री ठेवा, आणि परतीचं मुंबईचं विमान आणि बेट सोडण्याचा दिवस यांच्यात निदान एक दिवस मोकळा सोडा.

कारण साधं आहे. बॅरा हे आउटर हेब्रिडीज द्वीपमालेच्या दक्षिण टोकाचं बेट, आणि तिथे जाणं-येणं समुद्राच्या मर्जीवर चालतं. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून रेल्वेने ओबान बंदराला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तिथून फेरीबोट जवळजवळ पाच तासांची. वारा वाढला की ती रद्द होते, आणि हिवाळ्यात हे वरचेवर होतं. उन्हाळ्यात फेरीवर गाडीची जागा कित्येक आठवडे आधीच भरते. पायी प्रवाशाला सहसा जागा मिळते. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने गाडी न नेणंच बरं.

दुसरा मार्ग विमानाचा. ग्लासगोहून साधारण सव्वा तास, एकोणीस आसनांचं ट्विन ऑटर. हे विमान उतरतं ‘ट्राय व्होर’वर. गेलिकमध्ये याचा अर्थ ‘मोठी पुळण’, आणि विमानतळ म्हणजे खरोखरच ती पुळण. 1936 पासून इथे विमानं उतरताहेत. वाळूत लाकडी खांब रोवून त्रिकोणात तीन धावपट्ट्यांच्या कडा दाखवल्या आहेत. वारा कुठून आहे ते बघून वैमानिक त्यांतली एक निवडतो. भरतीला तिन्ही पाण्याखाली जातात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे विमानाचं वेळापत्रकही तिच्या मागे फिरतं. हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईकर मात्र ‘सोमवारी सकाळी अकराला होतं, मग मंगळवारी का नाही?’ असं विचारत राहतो. तिकीट काढताना त्या-त्या तारखेची वेळ बघा, आणि ग्लासगोला पुढची जोडणी अर्ध्या-पाऊण तासाची ठेवू नका. विमान लहान असल्याने सामानाची मर्यादाही कमी असते. ती आधी विचारून घ्या.

उतरताना खिडकीतून बघाल तर ओहोटीने वाळूवर सोडलेल्या बारीक लाटांच्या रेघा दिसतात. चाकं टेकली की खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात. त्याच वाळूत लोक फावडी घेऊन आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, कॉकल, काढतात. तुम्हालाही पुळणीवर फिरता येतं, पण एक नियम पक्का: वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, विंडसॉक, वर चढवलेली असेल तर विमानतळ चालू आहे. तेव्हा वाळूवर पाऊल टाकायचं नाही. फोटोच्या नादात हा नियम मोडणारे पर्यटक असतात, आणि इथे कुंपण नाही म्हणून त्याचा धोका जास्त.

बेटाभोवतीचा रस्ता सुमारे वीस किलोमीटरचा. सायकलने एका दिवसात आरामात होतो, पण समोरचा वारा धरून हिशेब करा. रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे आणि गाड्या दोन्हीकडून येतात. ठरावीक अंतरावर बगल दिलेली असते, तिला ‘पासिंग प्लेस’ म्हणतात. ती डावीकडे असेल तर तिच्यात शिरून थांबायचं. उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं, म्हणजे समोरचा तिच्यात वळून पुढे जातो. मागून कोणी घाईत असेल तर त्यालाही अशीच वाट द्यायची. त्यात गाडी लावून देखावा बघत बसणं हा गुन्हाच समजा. मागे शाळेची बस किंवा डॉक्टर असू शकतो. जाताना समोरच्याला हात वर करायचा, तोही करेल. रविवारी बस नसते, तेव्हा त्या दिवसाचं चालणं मुक्कामाच्या जवळपासच ठेवा.

चढायला हेव्हल हा 383 मीटरचा डोंगर आहे. उंची कमी असली तरी चढ खडा आणि जमीन ओली. स्पोर्ट्स शूज भिजतात आणि गवतावरून घसरतात, घोट्याला आधार देणारे बूटच घाला. शिखराच्या थोडं खाली 1954 साली उभारलेली मेरी आणि बाळ येशूची संगमरवरी मूर्ती आहे. इथले बहुतेक लोक कॅथलिक आहेत, म्हणून उत्तरेकडच्या प्रॉटेस्टंट लुईस बेटासारखा, सगळं बंद ठेवणारा कडक रविवार इथे नाही. खाली कॅसलबे या मुख्य गावाच्या खाडीत किसिमल किल्ला पाण्यात उभा दिसतो. मॅकनील घराण्याच्या प्रमुखांनी तो 2000 साली सरकारी वारसा खात्याला हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला, वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली या भाड्यावर. आत जाता येतं की दुरुस्ती चालू आहे, ते निघण्यापूर्वी बघा.

व्हॅटरसेला मात्र जाच. 1991 मध्ये भराव टाकून रस्ता झाला, तोवर त्या बेटावरची गुरं पोहवत बॅराला आणावी लागत. 1986 मध्ये एक बैल असाच बुडाला आणि रस्त्याची मागणी आणखी जोरात झाली. त्याआधीची गोष्ट जमिनीची. 1908 मध्ये भूमिहीन कुटुंबांनी व्हॅटरसेवर झोपड्या बांधून ताबा घेतला, दहा जण तुरुंगात गेले, आणि पुढच्याच वर्षी सरकारने बेट विकत घेऊन जमीन वाटली. तुम्ही ज्या कुरणातून चालता ते रिकामं नाही, कोणाची तरी राबती जमीन आहे. फाटक उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद ठेवायचं. वसंतात मेंढ्यांची पिल्लं असतात, तेव्हा फार लांबून जायचं.

आता भाषा. स्कॉटलंडमध्ये तिला ‘गॅलिक’ म्हणतात. ‘गेलिक’ म्हटलं तर आयरिश समजतात. आपल्याला ती जितकी परकी वाटते तितकी नाही. तिच्यातही तू आणि तुम्ही वेगळे: ‘हू’ आणि ‘शिव’. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला आभार मानताना ‘तापा लेव’, मित्राला ‘तापा लेत’. ‘तुम्हाला गॅलिक येतं का?’ हे विचारताना शब्दशः ‘तुमच्यापाशी गॅलिक आहे का?’ असं म्हणतात: ‘अ वेल गालिक अगिव?’ होकाराला वेगळा शब्दच नाही, क्रियापद परत म्हणायचं: ‘हा’, म्हणजे ‘आहे’. आपणही ‘आहे का?’ला ‘आहे’ असंच उत्तर देतो की. दुकानात दोघी गॅलिकमध्ये बोलत असतील आणि तुम्ही आल्यावर इंग्रजीत वळल्या, तर ते तुमच्यासाठी सौजन्य असतं. ‘मातिन वा’, शुभ सकाळ, एवढं म्हटलं तरी चेहरे खुलतात.

आणि गाणी ऐकून जा. लोकरीचं कापड भिजवून, आपटून घट्ट करताना बायका टेबलाभोवती बसून ती म्हणत: एक जण ओळ सांगे, बाकीच्या पालुपद धरत, आणि कापड प्रदक्षिणेच्या दिशेने फिरत जाई. जात्यावरच्या ओव्या माहीत असलेल्याला ती लय लगेच कळते. ‘टोबर अन डुअलखाइस’ या डिजिटल संग्रहात ती जुन्या ध्वनिमुद्रणांतून फुकट ऐकता येतात. बेटावर 1981 मध्ये मुलांना ही गाणी आणि वाद्यं शिकवायला ‘फेश व्हाररी’ सुरू झाली (फेश म्हणजे उत्सव), आणि तिच्यापासून स्कॉटलंडभर अशा फेश सुरू झाल्या. ती उन्हाळ्यात असते. तारखा जुळत असतील तर मुक्कामाची जागा सगळ्यात आधी ठरवा, कारण त्या आठवड्यात खोल्या सर्वांत लवकर संपतात.