आमची वाटचाल : घड्याळ, वही आणि डोक्यावरची रेघ

बार्शीला आमचं शालेय वस्तूंचं दुकान होतं. जून उजाडला की पप्पा दुकानाबाहेर वह्यांच्या गठ्ठ्यांची भिंत रचायचे. शंभरपानी, दोनशेपानी, लाँगबुक, दुरेघी, चौकटीची. गिऱ्हाईक वही उघडायचं, पहिल्या पानावर पेन टेकवून बघायचं, आणि शाई पलीकडे उमटली की वही परत गठ्ठ्यात. आज मी विकते तीही वहीच आहे, फक्त टॅबलेटवर उघडणारी. लोक अजूनही पहिल्या पानावर पेन टेकवूनच पारख करतात, आणि पसंत पडली नाही तर पाच सेकंदांत ॲप काढून टाकतात.

आम्ही तीन माणसं. मी, एक सहकारी आणि अर्धा दिवस येणारी एक मुलगी, जी उरलेला अर्धा दिवस स्वतः स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आमच्यातली सगळ्यात कडक परीक्षक तीच. पुण्याच्या नवी पेठेत दोन खोल्या भाड्याने आहेत. खाली मेस आहे, त्यामुळे साडेबारानंतर फोडणीच्या वासात कुणाचंच कोडमध्ये लक्ष लागत नाही.

सुरुवात वहीने झाली नाही, घड्याळाने झाली. २०१८ मध्ये माझा धाकटा भाऊ राज्यसेवेच्या तयारीला पुण्यात आला. मी तेव्हा हिंजवडीत नोकरीला होते. रविवारी त्याच्या अभ्यासिकेत डबा द्यायला जायचे, तेव्हा त्याच्या टेबलावर कायम एक खिशातली डायरी असायची. तीत रोजचे तास लिहिलेले : इतिहास दोन वीस, भूगोल एक पन्नास, चालू घडामोडी चाळीस मिनिटं. खाली बेरीज, आणि बेरीज कमी भरली की तिच्यावर चिडून मारलेली फुली. मी त्याला पोमोडोरो पद्धतीचं एक ॲप दिलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. आठवड्याने त्याने ते परत केलं. म्हणाला, "ताई, पंचवीस मिनिटांत माझं पेनाचं टोपण निघतं."

अभ्यासिकेतल्या दिवसाला स्वतःची लय असते. सकाळची बैठक चहापर्यंत, मग मेसपर्यंत, मग झोप अनावर होईपर्यंत. तिथे दर पंचवीस मिनिटांनी उठणारा माणूस शेजारच्या चौघांच्या शिव्या खातो. म्हणून मी उलटं मोजणारं नाही, सुलटं मोजणारं घड्याळ केलं. बसलात की सुरू, उठलात की बंद, विषयवार बेरीज रात्री आपोआप. नोकरी करत करत रात्री जागून तीन महिन्यांत झालं. त्यात मोठी कला नव्हती. खरा त्रास फोनने दिला. बॅटरी वाचवायच्या नावाखाली काही कंपन्यांचे फोन मागे चालू असलेली ॲपं परस्पर मारून टाकतात. मुलगा तीन तास बसून उठायचा आणि घड्याळात अठरा मिनिटं. मग आम्ही मोजणंच सोडून दिलं. फक्त सुरू केल्याची वेळ लिहून ठेवायची आणि थांबवल्यावर वजाबाकी करायची. इतकी साधी गोष्ट सुचायला मला दीड महिना लागला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. पेठांमधली पोरं गावाला गेली ती पुस्तकं खोलीवरच ठेवून. मग टेलिग्रामवर पीडीएफ, आणि त्या वाचायला टॅबलेट. त्याच वर्षी जूनमध्ये पेन डब्यातच देणारा सॅमसंगचा टॅब एस६ लाइट भारतात आला, आणि आमच्या घड्याळाच्या गिऱ्हाइकांचे निरोप बदलले. "मॅडम, पीडीएफवर लिहिता येईल असं काही करा ना." मी नोकरी सोडली ती त्या दिवाळीनंतर. घरी सांगितलं ते मात्र संक्रांतीला.

पडद्यावर लिहिणं ही वेळेशी झटापट असते. पेनाचं टोक पुढे जातं आणि शाई मागून येते. मधलं अंतर डोळ्याला जाणवलं की हात बिचकतो, अक्षर बिघडतं. ॲपलने २०१९ मध्ये आयपॅडच्या नव्या प्रणालीत हे अंतर २० मिलिसेकंदांवरून ९ वर आणल्याचं सांगितलं, आणि पेन्सिलकिट नावाची तयार शाई आमच्यासारख्या छोट्यांना फुकट वापरायला दिली. अँड्रॉइडवर मात्र शाईचा बराच भाग आम्ही स्वतः लिहिला. पेन पुढे कुठे जाईल याचा अंदाज घेऊन रेघ थोडी आधीच काढायची आणि अंदाज चुकला तर गुपचूप पुसायची. इंग्रजीत हे झकास चाललं. मराठीत वेलांटी आली की अंदाज रस्ता सोडून जायचा.

पण आमची खरी फजिती वेलांटीने केली नाही. पहिल्या चाचणीत आम्ही एक सोय दिली होती : शब्दावरून पटकन आडवी रेघ ओढली की तो शब्द खोडला जाईल. परदेशी ॲपांत अशा सोयी पाहिल्या होत्या, आम्हालाही भारी वाटलं. भावाच्या अभ्यासिकेतल्या दहा जणांना वापरायला दिलं. संध्याकाळी पहिला निरोप आला : "ताई, मी लिहितोय ते ॲप खातंय." दुसऱ्याचं म्हणणं, फक्त लांब शब्द जातात, 'व' आणि 'तर' राहतात. मी दोन दिवस मेमरीतली चूक शोधत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाच्या शेजारी जाऊन बसले आणि लिहिताना नुसतं बघितलं. त्याने आधी अक्षरं लिहिली, बिनडोक्याची : म, हा, रा, ष्ट्र. मग डावीकडून उजवीकडे एका झटक्यात डोक्यावरची रेघ मारली. शब्द गायब.

शाळेत आपण सगळे असंच लिहायला शिकलो आहोत. मीही तसंच लिहिते. पण ॲपची चाचणी घेताना मी कायम इंग्रजीत 'टेस्ट' लिहून बघत होते! पप्पांना सांगितलं तर ते हसून हसून बेजार. ती सोय आम्ही काढून टाकली. आता खोडायचं असेल तर गिरगिटायचं, वहीत गिरगिटतो तसं.

शोधाचीही अशीच कथा. 'ॲप' हा शब्द कुणी ॲप असा टंकतं, कुणी अ‍ॅप, कुणी ऍप. दिसायला जवळजवळ सारखे, पण संगणकाच्या लेखी तीन वेगळे शब्द. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' यांचंही तेच. माणसाला फरक कळत नाही आणि यंत्राला साम्य कळत नाही. आम्ही शोधायच्या आधी सगळ्यांना एका रूपात आणतो. त्या रूपांची यादी सहकाऱ्याने भिंतीवर चिकटवली आहे आणि ती अजून वाढतेच आहे. त्याहून अवघड जुन्या नोट्सच्या पीडीएफ. युनिकोड ही आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फाँटांत टाइप केलेल्या, पडद्यावर शुद्ध मराठी आणि पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी. 'पंचायतराज' शोधा, काही मिळत नाही. तिथे टेसेरॅक्ट या मुक्त प्रणालीने पानाचा फोटो वाचून मजकूर काढतो. मराठी तिला येतं, पण स्वस्त टॅबलेटवर ती रमतगमत चालते. म्हणून हे काम रात्री चार्जिंगला लावल्यावरच करायचं असं ठरवलं.

आता पैशाचं. सुरुवातीला आम्ही वर्षाची वर्गणी ठेवली होती, सगळे ठेवतात म्हणून. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. नियम ग्राहकाच्या बाजूचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या परवानग्या नव्या नियमांत बसेनात आणि नूतनीकरणं धडाधड अडकली. बरं, कार्ड बहुतेकांच्या वडिलांचं, ओटीपी गावाकडच्या फोनवर, आणि वडील शेतात. वर्गणी संपली की वही फक्त वाचता यायची, लिहिता यायची नाही. हा आमचाच नियम. परीक्षेच्या तोंडावर एका मुलाने एवढंच लिहिलं, "मॅडम, माझी वही मला उघडून द्या." पप्पांना मी व्यवसाय म्हणून हे समजावत होते. ते म्हणाले, "वही विकल्यावर तिच्या पानांना कुलूप लावायला आपण कोण?"

वर्गणी वाईट असते असं मी म्हणणार नाही. ज्यांना दर महिन्याला सर्व्हरचं भाडं भरायचं असतं त्यांनी काय करावं? आम्ही सर्व्हरच काढून टाकला. वह्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर राहतात, आम्हाला दिसतही नाहीत. किंमत एकदाच, २९९ रुपये. त्यातला १८ टक्के जीएसटी गेला की साधारण २५३ उरतात. त्यावर ॲपलच्या आणि गूगलच्या ॲप-दुकानांची ३० टक्के दलाली असती तर हातात १७७ आले असते. २०२१ मध्ये आधी ॲपलने आणि मग गूगलने वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांसाठी दलाली १५ टक्क्यांवर आणली, म्हणून २१५ येतात. दहा लाख डॉलरची मर्यादा ओलांडायची भीती आम्हाला तूर्त नाही. हा हिशोब मी रडत रडत पप्पांना ऐकवला. ते म्हणाले, "पंधरा टक्के? आणि उधारी अजिबात नाही? मग रडतेस कशाला?"

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण वाटचाल लिहायची तर ती गाळता येणार नाही. २०२२ च्या पावसाळ्यात एका मुलीच्या भूगोलाच्या नोट्स गेल्या. ती टॅबलेटवर लिहायची आणि बसमध्ये फोनवर वाचायची. दोन्हीकडे एकच वही असली की नवी प्रत कोणती हे आमचं ॲप उपकरणाच्या घड्याळावरून ठरवायचं. जिची वेळ नंतरची, ती खरी. तिने फोनचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे लावलं होतं, सकाळी वेळेत उठता यावं म्हणून. अभ्यासिकेत निम्मी पोरं हेच करतात, माझ्या भावाचं घड्याळही कायम दहा मिनिटं पुढे असायचं. तिने फोनवर एका जुन्या पानावर खूण केली, मग टॅबलेटवर रात्रभरात लिहून पुरं केलेल्या पानांपैकी शेवटचा गठ्ठा पाठवला. त्या गठ्ठ्याची वेळ फोनच्या वेळेच्या मागे पडली. ॲपने फोनवरच्या जुन्या प्रतीला नवी मानलं आणि ती टॅबलेटवरच्या पानांवर चढवली.

मी लॅपटॉप घेऊन तिच्या अभ्यासिकेत गेले. बाहेर जिन्यात बसून टॅबलेटच्या तात्पुरत्या साठ्यातून जमेल तेवढं बाहेर काढलं. बरीच पानं मिळाली, पण कोकणातल्या नद्यांचा भाग आणि त्यासोबत काढलेले नकाशे नाही मिळाले. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "ताई, मी घड्याळ नीट लावायला हवं होतं का?" मी नाही म्हणाले. परत आल्यावर तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. आता आम्ही घड्याळाला विचारतच नाही. प्रत्येक बदलाला क्रमांक असतो, आणि दोन प्रतींचं जुळलं नाही तर दोन्ही ठेवतो, कुठलीच पुसत नाही. त्यामुळे कधीकधी एकाच नावाच्या दोन वह्या दिसतात. त्याबद्दल तक्रारी येतात. येऊ देत.

त्याच वर्षी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने जाहीर केलं की राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२३ पासून वस्तुनिष्ठ न राहता वर्णनात्मक होणार, यूपीएससीच्या धर्तीवर. म्हणजे गोळे काळे करायचे नाहीत, उत्तरं लिहायची. आम्ही सगळं बाजूला ठेवून उत्तरलेखनाचा भाग करायला घेतला. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत २० प्रश्न : दहा गुणांचे १०, पंधरा गुणांचे १०. पहिल्याला सात मिनिटं, दुसऱ्याला अकरा, की बरोबर १८० मिनिटं भरतात. आखीव पान, वर प्रश्न, कोपऱ्यात घड्याळ. यावेळी उलटं मोजणारं, भावाची माफी मागून. तयार होत आलं आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने नवी पद्धत २०२५ पासून लागू करायचं ठरवलं. वर्षानुवर्षं एका पद्धतीने तयारी केलेल्यांना वेळ मिळायलाच हवा होता, माझ्या खोलीखालच्या मेसमध्ये तेव्हा दुसरा विषय नव्हता. पण आमचं सहा महिन्यांचं काम कपाटात गेलं, हेही खरं. त्या काळात घरभाडं घड्याळाने भरलं.

यूपीएससीवाल्यांनी तेवढा तो भाग वापरला आणि त्यातूनच तो सुधारला. शब्द मोजायची सोय आम्ही मुद्दाम काढली. हस्ताक्षर ओळखून शब्द मोजताना ॲप जोडाक्षरांना अडखळायचं आणि मुलं उत्तर सोडून आकड्याशी भांडत बसायची. त्याऐवजी पानावर एक फिकट खूण असते : तुमच्या अक्षराच्या आकाराने दीडशे शब्द साधारण इथे संपतात. ही कल्पना आमच्या अर्धा दिवस येणाऱ्या परीक्षकबाईंची. खरी उत्तरपत्रिका लिहिताना ती असंच करते, शब्द मोजत नाही, पान मोजते.

भावाने चार प्रयत्नांनंतर परीक्षा सोडली. आता तो सोलापुरात नोकरी करतो आणि नवी आवृत्ती निघाली की पहिल्या तासात तिच्यात चूक काढतो. पप्पांनी दुकान भाड्याने दिलं, तिथे मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. राहिलेल्या वह्यांचा एक गठ्ठा माझ्या टेबलाखाली आहे. नवीन सोयीचं चित्र आम्ही अजूनही आधी त्यावरच काढतो.

आज सकाळी नांदेडहून निरोप आला आहे : "ताई, डाव्या हाताने लिहिणाऱ्यांचा तळवा घड्याळावर पडतो आणि ते थांबतं." सहकारी डावरा नाही, मी नाही, परीक्षकबाई नाहीत. खालच्या मेसमधला वाढपी डावरा आहे. जेवणाची गर्दी ओसरली की त्याला वर बोलावणार आहे.